भांडी म्हणून मंजूर

वाटी म्हणजे काय हे गणित शिकवणाऱ्या बाईला कोणी समजावून सांगायची गरज नसते. अर्धा गोल, आतून पोकळ आणि खाली थोडासा सपाट, म्हणजे टेबलावर ठेवला तर लोळत नाही. हे मी वर्षानुवर्षं नववीच्या वर्गाला फळ्यावर काढून दाखवत आले आहे. त्यामुळे लेकीच्या रिसेप्शनसाठी लागणाऱ्या सगळ्या वाट्या मी घरी करीन असं जेव्हा जाहीर केलं, तेव्हा माझ्या मनात शंका अशी नव्हतीच. शंका होती ती इतरांच्या चेहऱ्यांवर, आणि इतरांचे चेहरे मी फारसे मनावर घेत नाही.

झालं होतं असं, की लेकीने आणि होणाऱ्या जावयाने मिळून ठरवलं, रिसेप्शनला फक्त गोड ठेवायचं. जेवण नाही. कस्टर्ड, पुडिंग, आईस्क्रीम, जेली, केक आणि चॉकलेटचं आणखी काय काय. माझा नवरा ग्रंथपाल आहे, म्हणजे दिवसभर गप्प बसण्याचाच त्याला पगार मिळतो. त्याने हळूच विचारलं, की ज्यांना साखर चालत नाही त्यांनी काय करायचं. लेक म्हणाली, त्यांनी आनंदात सहभागी व्हायचं.

प्रश्न उरला तो हे सगळं वाढायचं कशात, याचा. कागदी कप लेकीला नको होते, कारण कचरा होतो. प्लास्टिकचं नाव काढलं की ती ताटावरून उठते. तेव्हा मी म्हटलं, बिस्किटाच्या वाट्या करू या. माणसाने एकच वाटी घेऊन सगळीकडे फिरायचं, हवं ते खायचं, शेवटी वाटीही खायची, हात झटकायचे आणि घरी जायचं. लेकीने मला मिठी मारली. नवऱ्याने पुस्तकात खूण घालून पुस्तक मिटलं. हे तो फार क्वचित करतो.

ही बातमी विहीणबाईंपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. जावयाची आई मोठी नीटनेटकी बाई. त्यांच्या घरात पाण्याच्या पेल्यालासुद्धा बसायला गोल आसन असतं. त्यांनी फोन केला, माझी, नवऱ्याची आणि माझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि मग म्हणाल्या, की तुम्हाला उगाच दगदग कशाला, आमच्या ओळखीचा एक जण काचेच्या वाट्या भाड्याने देतो, पाय असलेल्या. ‘पाय असलेल्या’ या शब्दांवर त्यांनी जो किंचितसा जोर दिला, तो मला लागला. त्यांची गरज पडणार नाही, असं मी सांगितलं. आता तर वाट्या होणारच होत्या.

कृती अगदी सरळ होती. मैदा, साखर, लोणी मळून घ्यायचं, स्टीलची वाटी पालथी घालून तिच्यावर ती पोळी थापायची आणि ओव्हनमध्ये ठेवून द्यायची. पहिली वाटी दिसायला सुरेख झाली. फक्त ती स्टीलच्या वाटीला सोडेना. मी सुरीने प्रयत्न केला, लेकीने फुंकर घालून प्रयत्न केला, शेवटी नवरा पेचकस घेऊन आला. बिस्किट निघालं, पण त्याचा भुगा झाला होता आणि स्टीलच्या वाटीला पाच कोपरे आले होते. दुसऱ्या खेपेला मी लोणी वाढवलं. या वेळी पोळी ओव्हनमध्येच घसरून खाली बसली आणि वाटीची बशी झाली. तिसऱ्या खेपेला मात्र खरीखुरी वाटी झाली. मी सगळ्यांना टेबलाशी बोलावून तिच्यात कस्टर्ड ओतलं. कस्टर्ड काही क्षण गुण्यागोविंदाने राहिलं, आणि मग वाटी होती तिथेच ठेवून ते बुडातून टेबलक्लॉथवर आलं.

एव्हाना इमारतीत वास पसरला होता आणि वासाच्या मागोमाग सल्ले यायला लागले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, साखर वाढव, साखर धरून ठेवते. मी साखर वाढवली. साखरेने खरोखरच धरून ठेवलं. वाटीला ट्रेशी धरलं, ट्रेला ओव्हनच्या जाळीशी धरलं, आणि ती सगळी एकत्र कुटुंबपद्धती आम्हाला एकदम उचलून बाहेर काढावी लागली. खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात. त्यांनी सल्ला दिला नाही, पण चव बघायला त्या रोज येत आणि जाताना पेशंट पाहिल्यासारखं ‘हळूहळू होईल बरं’ असं म्हणून जात.

कामाचा सल्ला दिला तो आमच्या इमारतीच्या समितीच्या चिटणीसांनी. हे गृहस्थ जिन्यात भेटले तरी इतिवृत्त वाचल्यासारखं बोलतात. त्यांचं म्हणणं पडलं, की टोस्ट जसे दोनदा भाजतात, तशा वाट्याही दोनदा भाजाव्यात. एकदा साच्यावर, मग साच्यावरून काढून पुन्हा मंद आचेवर. मला ते पटलं. दोनदा भाजायचं तर दोन ओव्हन हवेत, म्हणून वरच्या काकूंचा ओव्हन खाली आणला आणि स्वयंपाकघरात आमच्या ओव्हनशेजारी मांडला. दोन्ही एकदम लावले. ओव्हनमध्ये क्षणभर उजेड पडला आणि मग सगळ्या इमारतीतलाच गेला.

दिवे जाण्याचं कोणाला काही वाटलं नसतं, पण त्याच वेळी चिटणीस भाजीच्या पिशव्या घेऊन लिफ्टमधून वर येत होते. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली. आम्ही जाळीच्या दाराशी उभे राहून त्यांना धीर देत होतो आणि ते आतून आम्हाला इमारतीच्या नियमावलीतलं ‘घरगुती उद्योग’ हे कलम सांगत होते. त्यांना ते तोंडपाठ होतं. वीज आल्यावर ते बाहेर पडले, पिशवीतल्या टोमॅटोंकडे पाहिलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी खालच्या फळ्यावर सूचना लागली, की सभासदांनी राहत्या घरात कारखाना चालवू नये.

कारखाना हा शब्द मला झोंबला. मी त्यांच्याकडे गेले आणि सांगितलं, की हा कारखाना नाही, हे एका आईचं काम आहे. ते म्हणाले, तसं लेखी द्या, समितीच्या पुढच्या बैठकीत मांडू. पुढची बैठक रिसेप्शननंतर होती. मी म्हटलं, दोनदा भाजायची कल्पना तुमचीच होती. यावर त्यांनी बराच विचार केला. शेवटी असं ठरलं, की दोन ओव्हन एकाच वेळी लावायचे नाहीत आणि कल्पनेचा उगम कोणाला सांगायचा नाही. मी जाताना त्यांना एक वाटी भेट दिली. तिच्यात ते आता किल्ल्या ठेवतात.

आणि दोनदा भाजलेल्या वाट्या, काय सांगू, अप्रतिम झाल्या. तांबूस, गुळगुळीत, सगळ्या एका मापाच्या. कस्टर्ड ओतून ठेवलं आणि आम्ही सगळे बाहेर जाऊन आलो, तरी खाली थेंब नाही. एक वाटी हातातून निसटून जमिनीवर पडली. वाकून पाहिलं तर वाटी जशीच्या तशी होती. फरशीचा टवका उडाला होता. डॉक्टरीणबाईंनी एक वाटी दाढेखाली धरली, थांबल्या, जबड्याला हात लावला आणि त्यांच्या डोळ्यांत मी आजवर न पाहिलेली चमक आली. पाहुणे किती येणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोनेकशे तरी येतील. मग त्यांनी विचारलं, की दाराशी आपली थोडी कार्डं ठेवली तर चालतील का. मी त्यांना समजावलं, की आत कस्टर्ड पडलं की वाटी बेताची मऊ होते, नुसती कोरडी चावायची नाहीच आहे. त्या म्हणाल्या, हो, ते खरंच, पण कार्डांना जागा अशी कितीशी लागते.

त्यानंतर आमचं घर वाट्यांचं झालं. पुस्तकांच्या कपाटात वाट्या, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर वाट्या, पलंगावर चादर घालून तिच्यावर वाट्या. नवरा सोफ्यावर झोपायला लागला, पण त्याने तक्रार केली नाही, उलट त्याला त्यात त्याचा जुना रस सापडला. त्याने वाट्यांची प्रतवारी केली. पाहुण्यांना देण्याजोग्या, नातेवाइकांना देण्याजोग्या आणि फक्त संदर्भासाठी.

अशात एके दिवशी विहीणबाई न सांगता आल्या. आमंत्रणपत्रिकेतल्या कसल्याशा अक्षराबद्दल बोलायचं होतं असं त्या म्हणाल्या, पण त्यांची नजर आत आल्यापासून कपाटावर होती. त्यांनी एक वाटी उचलली, उलटी करून बुड पाहिलं, नखाने टिचकी मारली. टण्ण असा आवाज आला. मग अत्यंत सौजन्याने त्यांनी विचारलं, “मातीच्या का?”

मी सांगितलं, बिस्किटाच्या आहेत. त्या ‘हो का’ म्हणाल्या. त्यांनी वाटी दोन्ही हातांनी परत जागेवर ठेवली आणि काचवाल्याला अजून नाही म्हटलेलं नाही, एवढं चहा पिता पिता सांगितलं. मी पुन्हा एकदा, शब्द तोलून, गरज पडणार नाही असं म्हणाले. त्या म्हणाल्या, बरं, मग मी त्याला ‘नाही’ म्हणून कळवते. त्या गेल्यावर नवरा म्हणाला, मातीच्या म्हणजे तशी वाईट तुलना नाही, माती टिकते. त्या दिवशी मी त्याला रात्रीच्या जेवणात फक्त संदर्भासाठीच्या वाट्या वाढल्या.

आता फक्त हॉलच्या मॅनेजरला सांगायचं राहिलं होतं. मला वाटलं, ही काय नुसती कळवण्याची गोष्ट. मॅनेजर तरुण होता, कपड्यांची इस्त्री कडक आणि टेबलावर तीन पेनं समांतर. समांतर रेषा पाहून मला तो आधी आवडला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की हॉलमध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ आणता येत नाहीत, सगळे पदार्थ आमच्याच स्वयंपाकघरातून जातात. मी म्हटलं, हा पदार्थ नाही, ही वाटी आहे. तो म्हणाला, पण ती खाता येते ना. मी म्हटलं, खाता येते म्हणजे खाल्लीच पाहिजे असं नाही. तो म्हणाला, मग ती भांडं झाली, आणि भांडं असेल तर तसं ठरवावं लागेल.

मी पर्समधून वाटी काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने आपल्या पेल्यातलं पाणी तिच्यात ओतलं आणि समोरच्या कागदांवर सह्या करत बसला. सह्या संपल्या, एक फोन झाला, कोणाला तरी त्याने आत बोलावून बाहेर पाठवलं, आणि मग वाटी उचलून खाली बोट फिरवलं. बोट कोरडं. त्याने पाणी कुंडीत ओतलं आणि वाटी पेपरवेटने ठोकून पाहिली. पेपरवेट बाजूला ठेवत तो म्हणाला, “हे भांडंच आहे, मॅडम.”

माझ्या पाककलेचा याहून मोठा गौरव झाला नाही आणि याहून मोठा अपमानही झाला नाही. पण परवानगी मिळाली होती. भांडी म्हणून मंजूर, असं त्याने लिहून घेतलं आणि नियम सांगितला, की हॉल घेणाऱ्या पक्षाने आपली भांडी आणली तरी ती गोळा करणं आणि धुणं हॉलच्या माणसांकडे असतं. मी म्हटलं, फार उत्तम, तेवढंच आमचं काम वाचलं. आता मागे वळून पाहताना हे वाक्य मी का बोलले याचं लोकांना आश्चर्य वाटतं. मला वाटत नाही. पाण्याने न विरघळणारी वाटी केलेली बाई त्या दिवशी कसल्याही नियमाला हो म्हणाली असती.

रिसेप्शनचा दिवस उजाडला. हॉल सुंदर सजला होता. लांब टेबलांवर कस्टर्डची, पुडिंगची, जेलीची मोठमोठी भांडी मांडली होती, आईस्क्रीम बर्फात ठेवलं होतं आणि दारातून आत येताच माझ्या वाट्यांची चळत होती. लेक आणि जावई स्टेजवर होते. मी दाराशी उभी राहून प्रत्येकाच्या हातात वाटी देत होते आणि सांगत होते, की हीच घेऊन फिरा आणि शेवटी हीही खायची आहे. लोक आधी हसायचे, मग वाटीकडे बघायचे आणि मग गंभीर व्हायचे. एकूण कौतुक फार झालं. विहीणबाईंनी स्वतः येऊन एक वाटी घेतली आणि कस्टर्डच्या टेबलाकडे गेल्या. मी मनातल्या मनात त्या काचवाल्याला नमस्कार केला.

मग पाहुण्यांचं कस्टर्ड संपायला लागलं, आणि हॉलच्या बाजूच्या दारांतून पांढरे हातमोजे घातलेली माणसं बाहेर आली.

ती फार शिकवलेली माणसं होती. ज्याची वाटी रिकामी दिसेल त्याच्यापाशी अदबीने जायचं, किंचित वाकायचं आणि वाटी काढून घ्यायची. पाहुण्यांना वाटलं, वाटी खायची ही बहुधा नुसती म्हणायची पद्धत असेल, म्हणून त्यांनी दिल्या. माझ्या थोरल्या दिरांनी तेवढी वाटी तोंडाशी नेली होती. एका कडेला त्यांचे दात आणि दुसऱ्या कडेला पांढरा हातमोजा, असे दोघे काही काळ एकमेकांकडे पाहत उभे होते. दात जुने होते. हातमोजा जिंकला.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. तिथे भल्या मोठ्या सिंकमध्ये उकळतं पाणी आणि धुण्याची पावडर होती, आणि त्यात माझ्या वाट्या होत्या. होत्या म्हणजे सुरुवातीला होत्या. थंड पाण्याला त्यांनी दाद दिली नव्हती, पण उकळत्या पाण्यात त्यांचा लगदा झाला होता आणि दोन माणसं तो लगदा मोठ्या डावाने ढवळत वाट्या शोधत होती. मोरीत काहीतरी गिळल्यासारखा आवाज झाला आणि पाणी उलटं वर यायला लागलं. मॅनेजर दारात आला. त्याच्या कडक इस्त्रीच्या पायघोळ विजारीची एक कड ओली झाली होती.

“मॅडम,” तो म्हणाला, “तुमची भांडी विरघळतायत.”

मी म्हटलं, ती बिस्किटं आहेत. तो म्हणाला, मंजुरी भांड्यांची आहे. एवढ्यात नवरा आला, त्याने एकदा सिंककडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, कोट काढून खुंटीला लावला आणि बाह्या वर करून मोरीत हात घातला. आयुष्यात त्याने माझ्यासाठी पुष्कळ केलं आहे, पण बिस्किटाच्या लगद्यात कोपरापर्यंत हात बुडवलेला तो शांत माणूस मला जितका देखणा वाटला, तितका लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता.

बाहेर आले तर हॉलमध्ये एक वेगळीच शांतता होती. दारापाशी एकही वाटी शिल्लक नव्हती. पाहुणे पुडिंगसमोर रिकाम्या हातांनी उभे होते. आईस्क्रीम कडेने पाघळायला लागलं होतं. स्टेजवरून लेक माझ्याकडे बघत होती. तिने भुवया उंचावल्या. नववीच्या वर्गासमोर गणित चुकलं तर मी सरळ फळा पुसते आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून मांडते, पण इथे पुसायला फळा नव्हता. मी मान ताठ ठेवली, हॉल ओलांडला आणि विहीणबाईंसमोर जाऊन उभी राहिले.

म्हटलं, काचेच्या वाट्या मागवता येतील का. हे वाक्य बोलायला मला किती जड गेलं ते मलाच माहीत.

विहीणबाई म्हणाल्या, “त्याला मी तेव्हाच ‘नाही’ म्हणून कळवलं. तुम्ही म्हणालात गरज पडणार नाही, मी विश्वास ठेवला.”

त्यांच्या आवाजात टोमणा आहे का, हे मी शोधत होते. नव्हता. माझ्यावर इतका पूर्ण विश्वास आमच्या घरातसुद्धा कोणी ठेवलेला नव्हता, आणि तो ठेवायचा या बाईंनी, तोही नेमका याच बाबतीत. त्यांनी माझ्या हाताला धरलं आणि आम्ही दोघी पुडिंगच्या टेबलाशी आलो. त्यांनी एक चमचा उचलला, ज्यांच्या घरात पाण्याच्या पेल्यालाही आसन लागतं त्या बाईंनी, आणि सगळ्या पाहुण्यांदेखत तो सरळ मोठ्या भांड्यात घालून पुडिंगचा घास घेतला. मग मागे वळून शांतपणे म्हणाल्या, “चमचे भरपूर आहेत. या.”

लोक क्षणभर थबकले. मग माझे थोरले दीर पुढे झाले, त्यांचा वाटीचा हिशेब अजून चुकता व्हायचा होता. मग जावयाचे मित्र आले, मग सगळेच. एकेका भांड्याभोवती दहा-दहा माणसं चमचे घेऊन उभी राहिली. एरवी एकमेकांची ओळख करून घ्यायला अर्धा तास नमस्कार करत बसले असते, ते दोन्हीकडचे नातेवाईक आता जेलीत कोणाची बाजू कुठपर्यंत यावरून वाद घालत होते. लेक आणि जावई स्टेजवरून खाली उतरून आईस्क्रीममध्ये शिरले. दातांच्या डॉक्टरीणबाई तेवढ्या जरा उदास दिसल्या, पण चॉकलेटपाशी गेल्यावर त्याही सावरल्या. मॅनेजर हरकत घ्यायला आला होता. विहीणबाईंनी त्याला विचारलं, की ही मोठी भांडी तुमचीच आहेत ना, आणि यातला पदार्थही तुमच्याच स्वयंपाकघरातला ना. तो हो म्हणाला. मग त्यांनी त्याच्याही हातात चमचा दिला.

सगळं आटोपल्यावर, पाहुणे पांगल्यावर, आम्ही दोघी हॉलच्या कडेच्या खुर्च्यांवर बसलो. नवरा कोपरापर्यंत ओला, कोणाला तरी उत्साहाने मोरीची रचना समजावून सांगत होता. विहीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, आपली पर्स उघडली आणि रुमालात गुंडाळलेली एक वाटी बाहेर काढली. हातमोजेवाला दिसताच त्यांनी ती लपवली होती. आत अजून थोडं कस्टर्ड होतं, त्याचा रुमालाला डाग पडला होता, आणि त्याची त्यांनी फिकीर केलेली दिसत नव्हती.

त्यांनी वाटीची कड दाताखाली धरली. बराच वेळ काही झालं नाही. मग कट्ट असा आवाज झाला, तुकडा निघाला, आणि त्या डोळे मिटून तो चघळत राहिल्या. मी वाट पाहत होते. इतक्या आतुरतेने मी दहावीच्या निकालाचीही वाट पाहिलेली नाही.

“चव छान आहे,” त्या म्हणाल्या, आणि उरलेली वाटी माझ्यापुढे धरली. “पण जरा कडक झालीय गं.”

“कडकच आहे ती,” मी म्हटलं. “तू सावकाश चाव.”